बंद तोंडाची घरं

आमची मावशी म्हणजे हट्टाचा गाडा. मुलाने शहरात तिसऱ्या मजल्यावर तिच्यासाठी खोली रिकामी ठेवलेली, आणि ही डोंगरात, ओढ्याकाठच्या दोन खोल्यांत एकटी. "डोळे धड आहेत तोवर हलणार नाही," हे पालुपद. कारण काय, तर म्हणे गवंडी!

गवंडी म्हणजे ओढ्यातली अळी. गार, खळाळत्या पाण्यात दगडाखाली राहते. तोंडातल्या रेशमाने वाळूचा कण कणाला चिकटवून अंगाभोवती नळी बांधते, अंग वाढेल तशी पुढून वाढवत नेते. शेवटी नळी दगडाला डकवून दोन्ही तोंडं बुजवते आणि आत निजते. काही आठवड्यांनी पंख फुटून उडून जाते. मागे राहिलेली रिकामी नळी वाळवून, वर लाखेचा हात देऊन मावशी कानातली बनवायची. काका गेल्यावर घर त्या कानातल्यांवरच चाललं.

कायदा एकच: बंद तोंडाच्या नळीला हात लावायचा नाही. लहानपणी मी एक उपटली, तर पाठीत धपाटा! "निजलेल्याचं घर मोडतेस, मेले?"

गेल्या वर्षी गेले, तर चुलीवरच्या फळीवर नळ्यांचं ताट वाळत होतं. जवळून पाहिलं. एकूण एक नळी बंद.

"मावशी, दिसेनासं कधीपासून झालं?"

"दिसतंय की! तुझं सुजलेलं थोबाड दिसतंय."

"मग हे काय आहे?" मी ताट तिच्यापुढे आदळलं. संताप आला होता आणि रडूही येत होतं.

गार पाण्यात बोटं बधिर होतात, तिथे सगळी भिस्त डोळ्यांवर. आता मात्र तिने कोरड्या बोटांनी एकेक टोक चाचपलं. एक नळी नखाने फोडली, आतलं वाळकं तळहातावर घेतलं.

"पंख फुटले होते गं याला," म्हणाली.

झाकली मूठ सव्वा लाखाची, ती उघडली. चूल विझली तरी ती तिथेच बसून होती. मग म्हणाली, "भावाला फोन लाव तुझ्या. म्हणावं, येते." इतकी वर्षं मी हेच ऐकायला टपले होते. ऐकलं आणि नकोसं झालं.

हल्ली ती तिसऱ्या मजल्यावर असते. वाढलेलं मुकाट्याने जेवते. दुपारी न्हाणीघरात जाऊन नळ सोडते आणि शेजारी बसून राहते.

"आई, पाणी वाया जातंय!" सून ओरडते.

मग ती चाचपत उठते आणि नळ बंद करते.