कॅप्टनना मीच बोलावलं होतं

कॅप्टनच्या शोकसभेत मी जे बोलले त्यातला शब्दन् शब्द खरा होता. लोकांनी डोळे पुसले, एकदोघींनी मला जवळ घेतलं. पण जे सांगायला हवं होतं ते मी गिळलं — आणि ते अजून कुणालाच ठाऊक नाही. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला नाही, लेकीला नाही, तुळजापूरच्या देवीपुढंही मी ते कधी उच्चारलं नाही. तिला न सांगता कळतं, अशी स्वतःची समजूत घालत आले. आज तुम्हाला सांगते.

कॅप्टन योहान अमोलिक आमच्या धाराशिवच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे. मूळचे नगरकडचे. गावाबाहेरच्या धावपट्टीवर पोरांना विमान चालवायला शिकवायचे. पायलट म्हटल्यावर आम्हाला वाटलं, काय रुबाब असेल — तर हा माणूस जुन्या स्कूटरला भाजीची पिशवी अडकवून यायचा. बायको रूथ आणि दोन मुली, हेच त्यांचं जग. रोज संध्याकाळी चौघं पेटीवर ख्रिस्ताची भजनं म्हणायची. कॅप्टनचा आवाज बेसूर, आणि तोच सगळ्यांत मोठा. नाताळला करंज्यांचं ताट आधी खाली आमच्याकडे यायचं, मग ती मंडळी खायची. नवरात्रात गल्लीतल्या बायका पायी तुळजापूरला निघाल्या की कॅप्टन रस्त्याला पाण्याची कळशी घेऊन उभे.

हे सगळं मी सभेत सांगितलं. त्यांच्या सवयीची गंमतही सांगितली, लोक हसले. सकाळी बाहेर पडताना ते दारात उभं राहून मोठ्यानं विचारायचे, "गॅस?" आतून रूथ ओरडायची, "बंद!" "डबे?" मुली ओरडायच्या, "घेतले!" मी एकदा थट्टेनं म्हटलं, कॅप्टन, नुसती मान हलवली तर चालत नाही का हो? तर म्हणाले, "विमानात नाही चालत, ताई. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं तोंडानं सांगायचं. मग त्या शब्दावर विसंबायचं."

इथपर्यंत बोलले आणि खाली बसले. पुढचं सांगायला जीभ कुठं होती मला?

किती वर्षं झाली, मोजत नाही मी. हे आजारी पडले. स्वादुपिंडाला सूज. सोलापूरच्या दवाखान्यातून घरी आणलं होतं, पण माणूस अर्धा झालेला. औषधाच्या गुंगीत पडून असायचे. मी शाळेत विज्ञान शिकवणारी बाई — पण नवरा अंथरुणाला खिळल्यावर कुठलं विज्ञान? देवीला नवस बोलले. दर्ग्यातून दोरा आणून ह्यांच्या मनगटाला बांधला. आमच्याकडे हे असंच चालतं, अडल्यावर कुठलं दार परकं वाटत नाही आणि त्यावरून कुणी नावंही ठेवत नाही. मग एका दुपारी मी जिना चढले. रूथ मुलींना घेऊन बाजारात गेली होती. कॅप्टनना म्हटलं, चला, ह्यांच्या डोक्यावर हात ठेवा आणि तुमच्या देवाला सांगा.

ते लगेच उठले नाहीत. "ताई, लोक बोलतील. दिवस कसे आहेत, तुम्ही बघताय," म्हणाले. मग धावपट्टीवर पोरांना विचारत असतील तसं, माझ्याकडे नीट बघून विचारलं, "तुम्ही स्वतः बोलावताय ना?"

"हो. मीच बोलावतेय."

तोंडानं सांगितलं मी. मान हलवली नाही.

ते आले. चपला बाहेर काढल्या, ह्यांच्या उशाशी बसले, कपाळावर हात ठेवून हळू आवाजात प्रार्थना करू लागले. मी पायाशी उभी. खरं सांगू? त्या आजारपणात पहिल्यांदा मला जरा बरं वाटलं. आणि तेवढ्यात दारात माझे दीर. चौकशीला आले होते, सोबत गल्लीतले आणखी दोघं.

"वहिनी, ह्यो काय प्रकार हाय?" भाऊजी उंबऱ्यातनंच कडाडले. "ह्यांना कुणी बोलावलं हितं? आजारी मानूस बघून धर्म बदलाया निघाले व्हय?"

आता तुम्हीच बघा — दोन शब्दांचं काम होतं. मी बोलावलं. भाऊजींनी आदळआपट केली असती, चार दिवस आले नसते. यापलीकडे काय झालं असतं? घर माझ्या नावावर, नोकरी माझी पक्की. मला कोण हात लावणार होतं? घाबरले होते, असं म्हणायची सोय आहे, आणि थोडी घाबरलेही होते. पण त्याहून जास्त — मला लाज वाटली. दर्ग्याच्या दोऱ्याची वाटली नव्हती. कॅप्टनच्या हाताची वाटली. ज्या हाताखाली माझा नवरा शांत निजला होता, त्याच हाताची.

मी म्हणाले, "मी कशाला बोलावीन? ते आपणहून आले."

कॅप्टननी माझ्याकडे बघितलं. "ताई?" एवढंच विचारलं, आणि थांबले. माझ्या उत्तरासाठी थांबले. मी ह्यांचं पांघरूण सारखं करत राहिले — जे आधीच सारखं होतं.

ते उठले, हात जोडले आणि वर गेले. एका शब्दानं मला खोटं पाडलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीत झालं, "पायलट घरात घुसून माणसं बाटवतोय." भाऊजींनीच त्यांना खोली रिकामी करायला सांगितलं. मी मालकीण; मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. गावात दुसरं कुणी त्या कुटुंबाला जागा देईना. शेवटी रूथ मुलींना घेऊन नगरला गेली, भर वर्षात पोरींच्या शाळा सुटल्या. आणि कॅप्टन — संध्याकाळी चौघांनी बसून गाण्यावर ज्याचा सगळा जीव, तो माणूस — धावपट्टीजवळच्या एका खोलीत एकटा डबा खाऊन राहू लागला. सुट्टी मिळाली की एसटीनं नगरला जायचा. मुली तशाच मोठ्या झाल्या, बापाविना.

हे बरे झाले. औषधानं, देवीनं की कशानं, ते मी स्वतःला विचारू देत नाही. आजही कधी विषय निघाला की म्हणतात, "कॅप्टन देवमाणूस, पण तेवढा आगाऊपणा केला बघ त्यांनी." मी "हं" म्हणते. बाजारात कॅप्टन भेटायचे तेव्हा तेच आधी थांबायचे, "दादांची तब्येत कशी आहे, ताई?" त्यात टोमणा असेल म्हणून मी फार शोधलं. नव्हता. टोमणा असता तर किती बरं झालं असतं! मनातल्या मनात भांडता तरी आलं असतं मला.

गेल्या हिवाळ्यात ते नगरलाच वारले, छातीत दुखण्याचं निमित्त झालं. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या पोरांनी इथं शोकसभा ठेवली आणि जुनी घरमालकीण म्हणून मला बोलायला सांगितलं. मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हणाले नाही. चांगली साडी नेसून गेले.

सभा संपल्यावर रूथ आली. केस पांढरे झालेत तिचे. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "ताई, किती चांगलं बोललात तुम्ही. मी मात्र त्यांना लई छळलं हो. न बोलावता कशाला गेलात लोकांच्या घरात, तुमच्यापायी आपलं घर तुटलं — वर्षानुवर्षं ऐकवलं मी. ते नुसतं म्हणायचे, चुकलं माझं. पुढं एक शब्द नाही."

म्हणजे तिलासुद्धा सांगितलं नव्हतं त्यांनी. बायकोचे बोल खात राहिले, पण माझं नाव घेतलं नाही.

"शेवटी दवाखान्यात त्यांचा हात धरला," रूथ म्हणाली, "आणि सांगितलं, त्या दिवसाबद्दल मी तुम्हाला माफ केलं, आता मनात ठेवू नका. मग शांत झाले."

ती रडत होती. लोक पांगले होते, आसपास ऐकणारं कुणी नव्हतं. भाऊजी नव्हते, गल्ली नव्हती, भ्यायला काही म्हणजे काही उरलेलं नव्हतं. मी माझ्या पदरानं तिचे डोळे पुसले आणि म्हणाले, "बरं केलंस, रूथ. माफ केलंस ते बरं केलंस."