समुद्रातलं कवठ

हे मी आजवर बायकोजवळही बोललेलो नाही. माझ्या मामेभावानं काढलेल्या टीव्हीवरच्या सिनेमाखाली, खोट्या नावानं, सगळ्यात जिव्हारी लागणारं मत मी लिहिलं. लोकांनी ते उचललं आणि नागपूरभर फिरवलं. त्यापायी मामेभाऊ आणि त्याचा सख्खा धाकटा भाऊ यांचं बोलणं बंद झालं. मी लिहिल्याचा आळ त्या धाकट्यावर आला, आणि आला तेव्हा मी तिथंच पाटावर बसून जेवत होतो.

सिनेमा समुद्रसफरीचा होता. जहाज, कप्तान, जादूची कवडी, समुद्रराजा, सात तोंडांचा राक्षस. नागपूरजवळच्या कुही तालुक्यात समुद्र कुठून आला, असं कोणीही विचारेल, आणि लोकांनी ते विचारलंच. माझं आजोळ धरणाच्या बुडितात गेलं. गाव उठून वर माळावर, आखून दिलेल्या रांगांमध्ये जाऊन बसलं. खाली उरलं पाणी. ते इतकं की दुपारच्या उन्हात पलीकडचा काठ दिसत नाही. मामेभावाला त्यात समुद्र दिसला.

त्याचा धंदा मंडप-डेकोरेशनचा. लग्नाच्या स्टेजचं जे सामान गोदामात होतं, त्यातून सिनेमा उभा राहिला. मासे धरणाऱ्या ढिवरांचे दोन डोंगे एकमेकांना बांधून त्यावर प्लायवूड ठोकलं, ते जहाज. समुद्रराजाचं सिंहासन म्हणजे नवरा-नवरीचा लाल सोफा. राक्षस ट्रॅक्टरच्या ट्यूबांचा, वर काळी ताडपत्री. कप्तान तो स्वतः. माणसं गावातलीच, शुद्ध मराठीत संवाद म्हणणारी. दोनदा तीनदा जीभ घसरायची, आणि समुद्रराजा भर दरबारात गरजायचा, "काहून आला रे मानवा?"

दिवाळीत तो नागपूरच्या केबलवाल्याच्या चॅनेलवर लागला. मग मामेभावानं तो इंटरनेटवर चढवला, आणि लोकांची मतं यायला लागली.

मी ती पहिल्यांदा सदर भागातल्या आमच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत ऐकली. एकानं मोबाइल डब्याला टेकवून उभा केला होता, बाकीचे भोवती.

"अबे, हा सोफा त माझ्या साळीच्या रिसेप्शनले होता!"

"समुद्रात म्हशी डुंबून राहिल्या, पाहा पाहा."

"तो कप्तान पाहा ना. वल्ही मारून राहिला की वरण घोटून राहिला?"

सगळे खिदळले. मीही हसलो. तो कप्तान माझा मामेभाऊ आहे, हे माझ्या तोंडातून निघालं नाही. एकानं विचारलं, "तुमच्या तिकडलाच दिसते ना हो हा?" मी म्हणालो, "तिकडं बरीच गावं आहेत."

एवढ्यावर थांबलो असतो तर हे लिहावं लागलं नसतं. सिनेमा काढायचा, तोही समुद्राचा, हे लहानपणी आम्हा दोघांचं ठरलं होतं. मी शिकलो, नोकरीला लागलो, विसरलो. तो विसरला नाही. सिनेमा सुरू करण्याआधी संवाद दाखवायला तो माझ्या घरी आला होता. "दादा, तुझी मराठी शुद्ध आहे, एकदा नजर टाक." मी कागद ठेवून घेतले आणि वाचलेच नाहीत. माझ्यावाचून त्यानं सिनेमा पुरा केला, आणि तो वाईट निघाला याचा मला आनंद झाला. हे वाक्य लिहितानाही हात आखडतो, पण तसंच होतं.

त्या रविवारी बायको-मुलगी बाहेर गेल्यावर मी सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. मग एका फुलाचा फोटो लावून खोटं खातं उघडलं आणि लिहिलं: "जहाज सात समुद्र फिरून आलं, पण ते कवठाचं झाड काही मागं पडलं नाही. दिग्दर्शकानं झाड कापलं असतं तर समुद्र झाला असता, आणि स्वतः शेती केली असती तर उपकार झाले असते."

पाण्यात एक वाळका बेचका उभा होता, तेच हे झाड. कॅमेरा कुठंही वळला तरी तो कोपऱ्यात यायचा. मला वाक्य जमलं होतं. चहा करून प्यालो.

पुढं जे झालं ते माझ्या कल्पनेतच नव्हतं. लोकांनी त्या वाक्याचा फोटो काढून एकमेकांना पाठवला. ते माझ्या ऑफिसातल्या ग्रुपवर आलं. पानठेल्यावर एक पोरगा दुसऱ्याला म्हणाला, "शेती कर, उपकार होतील," आणि मी पैसे द्यायचे सोडून त्याच्याकडं पाहत राहिलो. घरी मुलीनं मला वाचून दाखवलं, पोट धरधरून. "बाबा, कोणी लिहिलं असेल हो? काय डोकं आहे!" मी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं. आपलंच वाक्य आपल्या लेकराच्या तोंडून येतं आणि ओळखीचं वाटत नाही. ते इतकं निर्दय आहे, हे मला तेव्हा ऐकू आलं.

त्याहून मोठा धक्का पुढं होता. मामेभावानं माझं मत सगळ्या मतांच्या वर टाचून ठेवलं, म्हणजे जो येईल त्याला आधी तेच दिसावं. खाली त्याचं उत्तर होतं: "धन्यवाद साहेब. आपण शेवटपर्यंत पाहिला."

अक्तीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मी आजोळी गेलो. अक्तीला घरच्या पितरांच्या नावानं घागर भरायची, पान वाढायचं, अशी आमच्याकडची रीत. मामा गेल्यापासून दोघं भाऊ मिळून घागर भरत. धाकटा, ज्याला सगळे लहान्या म्हणतात, नागपूरला स्कूलबस चालवतो. तो सकाळीच येऊन घागर भरून, बसचं काम काढलं होतं म्हणून न जेवता परतला होता. मी पोचलो तेव्हा मोठा एकटाच होता.

पंगत बसली. मामी चिंचेचं चिचवणी वाढत होत्या. मामेभावानं मोबाइल काढला आणि मतं वाचायला लागला, प्रत्येकाचा आवाज काढून. वल्ही-वरणावर तो स्वतःच लोटपोट हसला.

"हे ऐक दादा. 'राक्षसाची हवा गेली, पंक्चरवाला बोलवा.' खरी गोष्ट आहे गा! तिसऱ्या दिवशी गेलीच होती हवा."

"तुले राग नाही येत?" मी विचारलं. त्याच्याशी बोलताना माझी जीभ आपोआप तिकडं वळते.

"कायचा राग? पायतात त लोकं." मग तो थांबला आणि मोबाइल माझ्यापुढं धरला. "पन हे पाय."

माझं वाक्य.

"हा मानूस बाहेरचा नाही," तो म्हणाला. "तो आपल्या गावचा आहे."

मी भातात चिचवणी कालवायला लागलो.

"बाकीच्यायचं वाच. कोनी म्हनते खांब, कोनी म्हनते बाभूळ, एकजन त म्हनते टीव्हीचा अँटेना. त्या झाडाले पान नाही, फय नाही, दोन वाळल्या फांद्या वर. आन हा लिहिते कवठ. कोन सांगितलं याले? आपल्या आंगनातलं कवठ ज्यानं खाल्लं त्यालेच मालूम."

ते मामांच्या अंगणातलं कवठ होतं. गाव बुडालं, घरं बुडाली, पाणी उतरलं की उन्हाळ्यात त्याचा शेंडा तेवढा निघतो. सिनेमातला कप्तान बुडालेलं बेट शोधायला निघतो आणि नांगर बरोबर त्या शेंड्यापाशी टाकतो. मी तो प्रसंग पाहिला होता, झाड ओळखलं होतं, घरातल्या वस्तूचं नाव घ्यावं तसं त्याचं नाव लिहून मोकळा झालो होतो. आपण ओळखलं, हेच मला लिहिताना कळलं नव्हतं. आणि तो नांगर तिथंच का टाकला, हे त्या पाटावर बसेपर्यंत माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

"तू मुद्दाम ठेवलं झाड?" मी विचारलं.

"मंग? त्याच्याचसाठी त पिच्चर काढला."

मामी म्हणाल्या, "पिच्चर त काही कामाचा नाही बापू. तो समुद्रराजा नुसता वरडते. पन मी रोज लावतो. अर्ध्या घंट्यानंतर कवठ दिसते. आजूबाजूच्या बायाही येतात, थो आपला गुरायचा वाडगा, थे आपली विहीर, असं पान्यावर बोट ठेवून सांगतात."

मामेभावानं मोबाइल खिशात टाकला.

"लहान्या आहे हा," तो म्हणाला. "त्यानं एकदाई शूटिंगले पाय ठेवला नाही. 'भाऊ, शेती कर,' हेच त्याचं बोलनं. तेच लिहिलं ना पाय."

"तो नाही लिहिनार रे," मामी म्हणाल्या.

"मंग कोन? तूच सांग दादा."

त्यानं मला विचारलं. सगळ्या जगात माझ्याकडंच पाहून विचारलं. मी म्हणालो, "असेल कोणी."

परतीच्या वाटेवर बस थांबली तेव्हा मी मोबाइल काढला आणि ते मत पुसून टाकलं, खातंही पुसलं. मला वाटलं, कागद फाडला की भांडण मिटलं. मला हे माहीत नव्हतं की मी निघाल्यावर मामेभावानं भावाला फोन लावला होता. घरी पाय ठेवतो न ठेवतो तोच मोठ्याचा फोन आला. आवाज चढलेला.

"दादा, केलं ना डिलीट! मी त्याले विचारलं, तो म्हने मी नाही, मले मालूमही नाही. आन घंट्याभरात मत गायब. चोराच्या मनात चांदनं! आता काही बोलायचं राह्यलं?"

मी भिंतीला पाठ लावून उभा होतो. मी पुसलं ते स्वतःला वाचवायला, आणि त्याच बोटानं लहान्यावर शिक्का मारला. बायकोनं विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही, तिकडचं."

त्यानंतरच्या अक्तीला मामांच्या नावानं दोन घागरी भरल्या गेल्या. एक गावात, एक नागपूरला लहान्याच्या भाड्याच्या खोलीत. मामी सकाळी एकीकडं हात जोडून एसटीनं दुसरीकडं आल्या आणि दोन्हीकडं जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, "बापू, तुझे मामा कोन्या घरी येतीन जेवाले?" मी त्यांना बसस्टँडवर सोडलं. गाडी लागेपर्यंत आम्ही बाकावर बसलो होतो. पुष्कळ वेळ होता. मी बोललो नाही.

लहान्या मला मध्यंतरी रामदासपेठेत भेटला. मुलं शाळेत सोडून बस सावलीला लावून बसला होता. मला पाहून खाली उतरला, पाया पडला. चहा झाल्यावर तो म्हणाला, "दादा, तू त शिकेल मानूस आहे. तू तरी सांग त्याले. तो तुझं ऐकते."

"काय सांगू?"

"हेच, का मी नाही लिहिलं म्हनून." तो जरा हसला. "अगा, मी त पिच्चर पायलाच नाही! पहिले पाच मिनटं पायला, भाऊ थे दाढी लावून आला, मले इतकं हसू आलं का बंदच केला. माह्यासमोर माह्या भावाले लोकं हसतीन, थे मले पाहवलं नसतं. म्हनून शूटिंगलेही गेलो नाही. त्याले वाटते मी जळतो."

लोकांनी भावाला हसणं त्याला पाहवत नव्हतं; त्यांना हसवायचं काम मी केलं होतं. आणि त्याची शिक्षा तो भोगत होता.

"त्यात आपलं कवठ दिसते म्हने, खरं का?" त्यानं विचारलं.

"दिसतं," मी म्हणालो.

"मंग पाहीन एकदा," तो म्हणाला, आणि कोणाचा तरी फोन आला म्हणून बसमध्ये चढला.

त्यानं पाहिला की नाही, मला माहीत नाही. मोठ्यानं जहाजाचं प्लायवूड पुन्हा लग्नाच्या स्टेजला लावलं. दुसरा सिनेमा काढणार होता, तो विषय आता काढत नाही. मी फोन केला की विचारतो, "लहान्या भेटला का?" आणि मी "भेटला" म्हटलं की लगेच दुसरं बोलतो.

सिनेमा कसा वाटला, हे त्यानं मला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, कोण जाणे. आज विचारलं तर सांगीन: जहाज खोटं आहे, राक्षस त्याहून खोटा आहे, तुला वल्ही धरता येत नाहीत, आणि तू नांगर टाकलास तिथं माझ्या घशात काही तरी अडकलं होतं. ते अडकलं म्हणूनच मी तसं लिहिलं की काय, हे मला अजून उलगडत नाही. उलगडलं तरी ती सबब होईल.

देणं सरळ आहे. मोठ्याला सांगायचं आहे: ते मी लिहिलं, आणि पुसलंही मीच. लहान्याला सांगायचं आहे: तुझ्यावर आळ आला तेव्हा मी तिथं बसलो होतो आणि गप्प राहिलो. दोघांना एका ठिकाणी बसवून, मामींच्या समोर, हे बोलायचं आहे. इथं लिहिलं, ते त्यांना सांगितल्यासारखं होत नाही. मी अजून गेलेलो नाही.