रद्दीत सापडलेली शाळा

मेहकरच्या तीन वस्त्यांमधली माणसं छायाला भाजीवाली म्हणून ओळखतात. ती त्यांना त्यांच्या मुलांच्या वह्यांवरून ओळखते.

तिचं माहेर पिंपळगाव राजा, सासर बीबी. शिक्षण नववी. सासऱ्यांचं, शालिग्रामजींचं, विहिरीखालचं थोडं रान. त्यात भेंडी, मिरची, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर. नवरा हरिओम वीज कंपनीत वायरमन. नेमणूक मेहकरला. रोज मोटरसायकलवर जाणं-येणं, आणि वारा सुटला की घरी टेकतो न टेकतो तोच फोन. शेवटी त्या वर्षी एप्रिलमध्ये ठरलं. शाळा उघडायच्या आत मेहकरला बिऱ्हाड करायचं. प्रतीक्षा पाचवीत जाणार होती, प्रज्वल दुसरीत. रान सासू-सासरे पाहतील, माल एसटीनं येईल, छाया तिकडे विकेल.

कुठं राहायचं आणि पोरं कुठल्या शाळेत घालायची, हेही हरिओमच्या लेखी ठरलेलंच होतं. त्याच्या ऑफिसातला देवानंद अयोध्या लेआउटमध्ये राहायचा. त्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होत्या. देवानंदचा मुलगा इंग्रजी शाळेत जायचा. पिवळी बस दारात यायची. मेच्या शेवटच्या रविवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. हरिओमनं मनात हो म्हणून टाकलं होतं.

छायाला काळजी वेगळीच होती.

प्रतीक्षा आधी फार बोलायची. शाळेतून घरापर्यंतच्या वाटेवर काय काय दिसलं ते सांगत यायची आणि घरी पोचल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. तिसरीत असताना तिनं गाईवर निबंध लिहिला. आमच्या गाईनं आबाला लाथ मारली, आबानं तिला शिवी दिली, मग संध्याकाळी तिलाच गूळ चारला, असं लिहिलं. शिकवणीच्या बाईंनी त्यावर आडवी रेघ मारली. गाइडमधला निबंध पाठ करायला लावला. पोरगी हुशार. तिनं सगळेच निबंध पाठ केले. मार्क चढत गेले. चौथीत ती वर्गात पहिली आली. पण आज शाळेत काय झालं असं छायानं विचारलं की ती म्हणायची, आज आम्ही शाळेत खूप मजा केली. दुसऱ्या दिवशीही तेच. शब्द बदलायचा नाही.

हरिओमला मार्क दिसत होते. छायाला ते एकच वाक्य ऐकू येत होतं. शाळा बदलायची ही एकच वेळ होती. ती चुकली तर ही पोरगी अशीच मोठी होईल, हे तिला पक्कं वाटत होतं.

पण शाळा पाहायची कशी, हे तिला माहीत नव्हतं. फाटकातून आत गेलं की शिपाई विचारतो काय काम आहे. बोर्डावर सगळ्याच शाळा चांगल्या असतात. मग तिला जे येत होतं ते तिनं केलं. मे लागताच सकाळच्या एसटीनं टोपली घेऊन ती मेहकरला जाऊ लागली. एक दिवस अयोध्या लेआउट, एक दिवस बसस्टँडमागची वस्ती, एक दिवस जुन्या बाजारामागच्या गल्ल्या. वस्ती कशी आहे ते दारात भाजी घेणाऱ्या बाईकडून जितकं कळतं तितकं घरमालकाकडून कळत नाही, असा तिचा हिशेब. नळ कितव्या दिवशी येतो, पोरं दुपारी कुठं असतात, शेजारीण शेजारणीला नावानं हाक मारते का, सगळं ती मिरची तोलता तोलता विचारून घ्यायची.

कॅरीबॅग बंद झाल्यापासून सांभार, मिरची, लिंबं कागदात बांधून द्यावी लागायची. परीक्षा संपल्या होत्या. घराघरांत जुन्या वह्यांचे गठ्ठे पडले होते. छाया म्हणायची, रद्दी द्या, मिरची घ्या. बायका खुशीनं द्यायच्या.

अयोध्या लेआउटमध्येच एका सकाळी ती मिरचीच्या पुडीसाठी वहीचं पान फाडणार होती. हातातल्या पानावर नजर गेली. पिवळ्या बसच्या शाळेतल्या पाचवीच्या पोराची मराठीची वही. निबंध होता, माझा आवडता सण. पहिल्या चार ओळींत दिवाळी होती. पाचव्या ओळीपासून पोरानं आपल्या क्रिकेट टीमची नावं लिहिली होती. अकरा खेळाडू, खाली बारावा, त्याच्यापुढं कंसात, फक्त पाणी आणेल. त्याच्याखाली लाल शाईत बरोबरची खूण, छान असा शेरा, सही आणि तारीख.

छायानं ते पान फाडलं नाही. गिऱ्हाइकाला मिरची ओच्यात दिली.

त्या दिवसापासून वह्या फाटायच्या बंद झाल्या. पुडीला ती वर्तमानपत्र वापरू लागली आणि वह्या बीबीला घेऊन जाऊ लागली. ओसरीवर कांद्याशेजारी वेगवेगळ्या शाळांचे वेगवेगळे ढीग लागले. दुपारी जेवणं झाली की छाया मांडी घालून वाचत बसायची. इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं, पण मराठीची आणि गणिताची वही सगळीकडे होती. तेवढं तिला पुरत होतं. ती पोराचं अक्षर पाहत नव्हती. ती लाल शाई पाहत होती.

सासूबाई, सत्यभामाबाई, दोन दिवस ढिगांकडे पाहत राहिल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "भाजी इकाले जाते का मास्तरीण व्हाले, एकदाचं सांगून दे मले."

"पोरीची शाळा पाहून राह्यले, आत्याबाई."

"घरात बसून?"

"हाव."

सत्यभामाबाईंनी कपाळाला हात लावला आणि कांदे थोडे बाजूला सरकवले, ढिगांना जागा व्हावी म्हणून.

पिवळ्या बसच्या शाळेच्या सव्वीस वह्या झाल्या. चुकलेल्या गणितांवरही बरोबरची खूण होती. दुसऱ्या एका शाळेत सगळ्या पोरांची उत्तरं शब्दाला शब्द सारखी. एका ठिकाणी शेवटचे दोन महिने लाल शाईच नाही. छाया प्रत्येक ढिगात एखादं वेगळं पान शोधत होती. रोज एक ढीग खाली जात होता आणि शेवटचा रविवार जवळ येत होता.

जुन्या बाजारामागच्या रद्दीत तिला ती वही सापडली. कव्हर नव्हतं. शाळेचं नाव नाही, पोराचं नाव नाही. आत पेनानं पाचवी लिहिलेलं. निबंध होता, माझे आजोबा. पोरानं तीनच ओळी लिहिल्या होत्या. माझे आजोबा रोज बसस्टँडवर जातात. ते कुठेच जात नाहीत. मग घरी येतात.

खाली लाल शाईत विचारलं होतं, मग ते तिथे काय पाहतात? तू विचारलंस का?

त्याखाली पोराचं अक्षर. विचारलं. ते म्हणाले, गाडीच्या पाट्या वाचतो.

पुन्हा लाल शाई. कोणत्या गावची पाटी त्यांना आवडते?

पोरानं लिहिलं होतं, लोणार. आजी तिकडची होती.

त्याच्याखाली शेरा नव्हता. नुसती सही होती.

छायानं ते पान तीनदा वाचलं. मग पदरानं तोंड पुसलं आणि सासूला वाचून दाखवलं. सत्यभामाबाई ऐकून म्हणाल्या, "ह्या बाईले शोध." सही बाईची की बुवाची ते त्यांना कळायला मार्ग नव्हता. त्या बाईच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी छाया मेहकरला उतरली आणि भाजी विकायला गेलीच नाही. टोपली पायाशी ठेवून बसस्टँडवर बसली. गाड्या लागत होत्या, सुटत होत्या. चढणारी माणसं सोडून ती न चढणारी माणसं पाहत होती. दुपारच्या सुमाराला एक म्हातारा आला. पांढरा सदरा, हातात काठी. बाकावर न बसता तो फलाटांसमोरून सावकाश फिरला. प्रत्येक पाटीसमोर थांबला. लोणारच्या गाडीसमोर जरा जास्त.

छाया उठली. नमस्कार करून तिनं विचारलं, बाबा, तुमचा नातू पाचवीत होता का? म्हाताऱ्याला संशय आला. पोरानं काय केलं म्हणून तो विचारू लागला. छायानं वही काढली आणि ते पान उघडून त्याच्या हातात दिलं.

त्याचं नाव हिंमतराव. त्यानं चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वरपासून वाचलं. नातवानं आपल्यावर लिहिलंय हे त्याला माहीतच नव्हतं.

"हे सुनेनं रद्दीत देल्लं?"

"मिरचीवर घेतलं मी, बाबा."

"मंग आता मले दे."

छायाला ती वही हरिओमला दाखवायची होती. तिच्याजवळ तेवढाच पुरावा होता. पण तिनं दिली. हिंमतरावांनी ती सदऱ्याच्या आत ठेवली आणि म्हणाले, "चाल, शाळा दाखवतो."

शाळा जुन्या बाजारामागं होती. कौलारू, लांबोडकी, मराठी. रंग उडालेला. प्रवेश सुरू होते म्हणून ऑफिस उघडं होतं. मुख्याध्यापक नीळकंठ सर आणि पाचवीच्या चारुलता मॅडम, त्या लाल शाईवाल्या, नावं नोंदवून घेत बसले होते. ऑगस्टपर्यंत पट भरला नाही तर एक वर्ग कमी होणार, ही त्यांची विवंचना. पोरगी वर्गात पहिली आलेली, म्हटल्यावर सरांनी लगेच फॉर्म पुढं केला.

छायानं फॉर्म घेतला नाही. तिनं सहावी आणि सातवीच्या वह्या पाहायला मागितल्या.

सर दुखावले. म्हणाले, "ताई, साहेब लोकही तपासणीला आले की एवढं बघत नाहीत."

"साहेबाची पोरगी इथं नाही शिकत न, सर." छाया शांतपणे म्हणाली. "माह्यी भेंडी बायका शेंडा मोडून पाहतात. मी रागावते का? मॅडमचं काम मी पाह्यलं. पुढच्या वर्षी पोरगी कोनाच्या हाताखाली जाईन, ते पाहू द्या मले."

चारुलता मॅडम खुर्चीतून उठल्या आणि कपाटातून गठ्ठे काढून आणले. छाया तिथंच फरशीवर बसली. तासभर वाचलं. सहावीच्या सरांची लाल शाई कंजूष होती, पण चुकीला चूक म्हणत होती. सातवीच्या वह्यांमध्ये प्रश्न होते. उठताना ती सरांना म्हणाली, सहावीच्या सरांना जरा सांगा. नीळकंठ सरांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला.

घरी हरिओम भडकला. देवानंदला काय सांगायचं? लोक लेआउटमध्ये जायला धडपडतात आणि ही जुन्या बाजारात, जिथं नळ चौथ्या दिवशी येतो आणि मोटरसायकल लावायलाही जागा नाही. कौलारू शाळेत पोरगी घालायची होती तर बीबी काय वाईट होतं? रद्दी वाचून कोणी पोरांची जिंदगी ठरवतं का?

छायानं म्हाताऱ्याच्या वहीची गोष्ट सांगितली नाही. ते पान आता हातात नव्हतं, आणि ते सांगून पटणारं नव्हतं. तिनं दिवाळीच्या निबंधाची वही त्याच्यासमोर उघडून ठेवली.

हरिओम वाचू लागला. फक्त पाणी आणेल, इथं आला तेव्हा त्याला हसू फुटलं. मग नजर लाल खुणेवर गेली. तारखेवर गेली. सहीवर गेली. त्यानं मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. सगळीकडे तीच खूण, तीच सही. त्याचं हसू उतरलं.

"हे न वाचता सही केली," तो म्हणाला.

त्यानं वही तिच्याकडे वळवली.

"खांबावर न चढता आम्ही लाइन तपासली म्हून सही केली, तं मानूस मरते."

त्यानं वही मिटली. मग विचारलं, जुन्या बाजारात खोली कोणाची आहे.

खोली हिंमतरावांच्या शेजारी मिळाली. शाळा दोघा पोरांना पायी सात मिनिटं. देवानंदनं ऑफिसात टर उडवलीच. वायरमनची बायको रद्दीवाली झाली, म्हणाला. हरिओमनं तिथल्या तिथं त्याला विचारलं, तुझ्या पोराची वही तू कधी उघडली होती बे? त्यानंतर तो स्वतःच ही गोष्ट सगळ्यांना सांगत सुटला. खांबावरून उतरला की चहाच्या टपरीवर सांगायचा. सांगताना ढिगांची संख्या दर खेपेला वाढायची.

पण छायाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. जुलैत प्रतीक्षाची पहिली वही तपासून आली. माझी शाळा या निबंधाखाली चारुलता मॅडमनी लिहिलं होतं, हे कुणाचं आहे? तुझं लिही. पोरगी रडली. तिकडे मला पैकीच्या पैकी पडायचे, म्हणाली. दुसऱ्या निबंधालाही तेच झालं. तिसऱ्या वेळी तिनं कोरं पान दिलं. मॅडम रागावल्या नाहीत. कोऱ्या पानाखाली तारीख टाकून लिहिलं, वाट पाहते.

तीन आठवडे पान कोरंच राहिलं. पोरगी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसायची. छायाला वाटू लागलं, आपण फार शहाणपणा केला. हरिओम रोज वही उघडून कोरं पान पाहायचा आणि मिटून ठेवायचा. तेच तिला जास्त लागत होतं.

ऑगस्टच्या मध्याला, एका संध्याकाळी, छाया भाजी विकून घरी आली. प्रज्वल ओट्यावर खेळत होता. आत प्रतीक्षा गुडघ्यावर वही घेऊन बसली होती. पेन थांबत नव्हतं. खोडत होती, पुन्हा लिहीत होती. ओठ हलत होते. छाया टोपली उतरवून जवळ गेली तसा पोरीनं वहीवर पंजा ठेवला.

"काय लिहून राह्यली वं?"

"तुले नाही दाखवत, मम्मी. मॅडमले पहिले."

साऱ्या मेहकरच्या वह्या वाचलेली बाई मागं सरकली. तिला विचारावंसं वाटलं, कोणावर लिहितेस. नाही विचारलं. तिनं दार पुढं ओढून घेतलं आणि बाहेर ओट्यावर येऊन बसली.

थोड्या वेळानं हरिओमची मोटरसायकल गल्लीत शिरली. त्यानं सवयीनं लांबूनच प्रज्वलला हाक मारली. छाया उठून पुढं गेली.

"हळू बोला," ती म्हणाली. "पोरगी लिहून राह्यली."