रश्मीच्या नांग्या

रश्मी साळवेला मी तोंडावर सांगितलं होतं, पोरी, तू भंगार उचलून आणलंयस.

भिंगारच्या बाजारात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. त्याच पत्र्याखाली पलीकडच्या अर्ध्या भागात रश्मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. मागच्या उन्हाळ्यात तिनं पुण्याहून पिशवीभर मेमरीच्या पट्ट्या आणल्या, कुठल्याशा ऑफिसनं खराब म्हणून टाकून दिलेल्या. मी चाळीस वर्षं घड्याळं उघडतोय. एक दात पडलेलं चाक मी पुन्हा बसवत नाही. तिचं म्हणणं, काका, लाखातला एक दात पडलाय, बाकीचे चांगले आहेत की. म्हटलं, कर बाई, तुझं तुला लखलाभ.

हे सगळं कशासाठी चाललंय ते मला माहीत होतं, म्हणून जास्त बोललो नाही. थोडंच बोललो, पण रोज.

तिचे वडील भीमराज माझे जुने दोस्त. सुप्याच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर सव्वीस वर्षं काढली आणि कान तिथंच ठेवून आले. कानाला यंत्र लावलं तर नुसता गोंगाट वाढतो. आणि हाच माणूस आमच्याकडच्या बुद्धविहार समितीचा अध्यक्ष. नळावरच्या भांडणापासून सोयरिकीपर्यंत सगळं त्याच्यापुढं यायचं. हल्ली सभेत लोक ओरडून बोलायचे, हा भलतंच उत्तर द्यायचा आणि मागं खसखस पिकायची. येत्या सभेत नवा अध्यक्ष निवडायचा, असं बोललं जात होतं. भीमराज घरी म्हणाला, बरोबरच आहे, ज्याला ऐकू येत नाही त्यानं खुर्ची अडवू नये. तेव्हापासून त्यानं माझ्याकडं चहाला यायचंही सोडलं. मला त्याचा राग आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं.

रश्मीनं ठरवलं होतं की लोक बोलतील ते तिथल्या तिथं पडद्यावर लिहून दाखवायचं. मोबाईलमधलं ॲप पेपरातली मराठी बरी लिहितं, आमच्या बोलण्याची मात्र खिचडी करतं. बोललेलं ओळखून लिहिणारं एक मोठं एआय मॉडेल होतं, त्याला आमचं बोलणं कळायचं. पण ते अख्खं मेमरीत मावायला हवं, आणि एवढी मेमरी तिच्याकडं त्या पिशवीतच होती. तिनं पट्ट्या तपासल्या, खराब जागा शोधून बंद केल्या आणि उरलेल्या जागेत मॉडेल भरलं. सकाळी झकास चाललं. दुपारी पत्रा तापला आणि पडद्यावर 'बसा बसा बसा बसा' सुरू झालं ते थांबेचना. उष्णतेनं चांगल्या जागाही दगा द्यायला लागल्या होत्या, आज इथं तर उद्या तिथं. 'सांगितलं होतं,' असं मी म्हणालो. म्हणायला नको होतं. पोर रडली. सभेला चार दिवस राहिले होते.

तेवढ्यात तिची आई राहीबाई डबा घेऊन आली. या बाईनं कर्जतकडं लोकांच्या रानात राबून लेकीला डिप्लोमा केलाय. काय झालं म्हणून विचारलं, तर रश्मीनं तिला कळेल असं सांगितलं: नापीक चोपण जागा सोडून पेरलं गं आई, तरी मधे मधे दाणे मरतायत. राहीबाईनं डब्याचं झाकण काढता काढता विचारलं, "पेरून घरी गेलीस व्हय? मग नांग्या कोन भरनार?"

मी बाजारातला माणूस, मला अर्थ विचारावा लागला. तर उगवण झाली की बाया ओटीत बी घेऊन एकेका ओळीनं रान फिरतात. जिथं मोकळं दिसेल तिथं दाणा टोकायचा, याला नांग्या भरणं म्हणतात. सगळंच्या सगळं उगवलं असं रान आपण जन्मात पाहिलं नाही, असं राहीबाई म्हणाली.

रश्मी जेवण तसंच ठेवून उठली. मॉडेल म्हणजे शेवटी आकड्यांच्या ओळी. त्याची चांगली प्रत डिस्कवर होतीच, ते हिच्या ओटीतलं बी. तिनं प्रत्येक ओळीची बेरीज आधीच काढून ठेवली. मग एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो सारखा ओळीओळीनं फिरणार, बेरीज चुकली की तेवढी ओळ डिस्कवरून आणून पुन्हा बसवणार. पडद्याच्या कोपऱ्यात तिनं लिहिलं, 'भरलेल्या नांग्या', आणि पुढं आकडा.

सभा विहाराच्या मंडपात, भर दुपारी दोनला. रश्मीनं मशीन टेबलावर ठेवलं, पडदा भिंतीवर सोडला आणि चार माइक चार कोपऱ्यांत लावले. भीमराज मान खाली घालून खुर्चीत बसला होता. लोक बोलायला लागले, आणि जसं बोलले तसं भिंतीवर उमटायला लागलं. हाय, न्हाई, लई, सगळं. अर्ध्या तासात अंगाची काहिली झाली. कोपऱ्यातला आकडा चाळीसचा दोनशे झाला, पाचशे झाला, पण वाक्य काही मोडलं नाही.

मागच्या रांगेत भाऊसाहेब, समितीचेच सभासद, शेजाऱ्याच्या कानात कुजबुजले. त्यांच्या डोक्यावर माइक होता. भिंतीवर आलं: 'ह्याला ऐकू येत न्हाई, कशाला बसलाय खुर्ची धरून.'

 भीमराजनं ते सावकाश वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. वर्षभरात पहिल्यांदा त्याचा तो जुना आवाज निघाला. "भाऊसाहेब, ऐकू येत न्हाई हे खरं हाय. पन आता तुमी मागं बसून बोललेलं बी मला कळतंय. पुढं या, आन् मोठ्यानं बोला."

हसून हसून मंडप दणाणला. आधी भाऊसाहेब ओशाळले, मग स्वतःच हसायला लागले आणि खरोखर पुढं येऊन बसले. नव्या अध्यक्षाचा विषय कुणी काढलाच नाही. दोन तास भीमराजनं सभा चालवली, एकाला झापलं, दोघांचं भांडण मिटवलं. संपताना कोपऱ्यात आकडा होता एक हजार एकशे सोळा.

मी कडेला उभा होतो, डोळे भरलेले. कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं पुटपुटलो. माइकचं भान राहिलं नाही.

भिंतीवर भल्या मोठ्या अक्षरांत आलं: 'चुकलो मी. शाब्बास पोरी.'

भीमराजनं वाचलं, माझ्याकडं वळून पाहिलं आणि म्हणाला, "राधाकृष्णा, उद्या चहाला येतो."