आचाऱ्याची नात

केतकीचा फोन आला तेव्हा मी एका औषध कंपनीच्या माहितीपत्रकाचं प्रूफ वाचत होते. पुस्तकं पोहोचून दोनच दिवस झाले होते. आभाराचा फोन असणार म्हणून मी आवाजात जरा गोडवा आणला.

"मॅडम, शेवटच्या पानावर काय छापलंय ते एकदा बघता का?" ती म्हणाली. "अण्णा कालपासून विनायककडे बघतसुद्धा नाहीयेत."

माझ्या टेबलावर एक प्रत होतीच. मी शेवटचं पान उघडलं. त्यावर एकच वाक्य होतं, ते मला पाठ होतं. या वेळी मी ते एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं. चौथा शब्द चुकला होता.

बेंगळुरूच्या पीण्या भागातल्या एका छापखान्यात मी तेवीस वर्षं प्रूफं वाचते आहे. छपाईआधीची शेवटची नजर माझी. मी मूळची निपाणीची, त्यामुळे बेंगळुरूत कुणाचं मराठी काम निघालं की ते माझ्याकडेच येतं. आमच्याकडे मराठी वाचता येणारं दुसरं कुणी नाही. याचा मला आधी फार अभिमान होता.

हे पुस्तक एका कुटुंबाने मिळून केलेलं होतं, त्यांचं पहिलंच. अण्णांनी गोष्ट सांगितली, सून केतकीने ती लिहून काढली आणि नऊ वर्षांच्या इराने चित्रं काढली. मुलगा विनायक एका सॉफ्टवेअर कंपनीत होता, सगळी धावपळ त्याची. अण्णांनी चाळीस वर्षं खानापूर-बेळगावकडे लग्नांचे स्वयंपाक केले होते. एका लग्नात मिरवणुकीचा हत्ती स्वयंपाकाच्या मांडवात शिरला आणि शिऱ्याच्या पातेल्यात सोंड घालून बसला. अण्णांनी झारा उगारून त्याला बाहेर काढलं, आणि मग पंगतीच्या शेवटी केळीचं पान मांडून रीतसर वाढलं. पुस्तकाचं नाव 'पंगतीतला हत्ती'. पुस्तकभर अण्णांना अण्णाच म्हटलं होतं. त्यांच्या धंद्याचं नाव फक्त शेवटच्या पानावर होतं. ते वाक्य इराने स्वतः लिहिलं होतं: 'आणि मी त्या आचाऱ्याची नात आहे.'

पहिल्या भेटीला विनायक अण्णांना घेऊन आला होता. एचएसआर लेआउटहून पीण्या म्हणजे अर्धं शहर पार करायचं. अण्णांच्या गळ्याभोवती मफलर होता. घशाचा कॅन्सर. आठ दिवसांनी ऑपरेशन होतं आणि त्यात आवाज जाणार हे डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. म्हणून तर केतकीने गोष्ट आधी रेकॉर्ड करून घेतली होती.

सगळं ठरल्यावर विनायक म्हणाला, "मॅडम, एक छोटा चेंज. लास्ट लाइनमध्ये 'आचारी'ऐवजी दुसरं काही करता येईल? 'शेफ' वगैरे? इराच्या स्कूलमध्ये पण कॉपीज द्यायच्या आहेत."

मी अण्णांकडे बघितलं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. तसेच बघत म्हणाले, "विन्या, तुझ्या शाळेच्या फॉर्मवर तू बापाचा धंदा 'केटरिंग बिझनेस' लिहिलास, तवा मी काय बोललो? काय नाही. आता हे पोरीनं लिवलंय. आचाऱ्याला आचारीच म्हणायचं. तुला स्वल्प शरम वाटली तर वाटू दे."

"तसं नाही अण्णा."

"मग काय तर?"

विनायक माझ्याकडे वळला. म्हणाला, "राहू दे मॅडम. आहे तसंच."

तो कानकोंडा झाला होता आणि मला त्याची थोडी मजाही वाटली होती, खोटं कशाला बोलू.

आता चूक कशी झाली ते सांगते. त्यासाठी एक अक्षर समजून घ्यावं लागेल. मराठीत 'य'ला जोडलेला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहितात. एक डोक्यावर चढतो, त्याला रफार म्हणतात: सूर्य, आचार्य. दुसरा आडवा, पापणीच्या केसासारखा: पायऱ्या, सुऱ्या. आचार्याची नात म्हणजे गुरुजींची, पंडिताची नात. आचाऱ्याची नात म्हणजे स्वयंपाक्याची. फरक एवढ्याशा रेघेचा.

केतकीने मुलांना आवडेल असा गोल, गुबगुबीत फॉण्ट निवडला होता. त्या फॉण्टमध्ये हा आडवा र नव्हताच. कॉम्प्युटरने त्याच्या जागी साधा र, त्याखाली ठिपका आणि पाय मोडल्याची खूण असं काहीतरी विचित्र उमटवलं. उपाय सोपा होता. तेवढी अक्षरं दुसऱ्या फॉण्टमधून आणून बसवायची. दहा-बारा जागा होत्या, अर्ध्या तासाचं काम.

पण ऑपरेशननंतर अण्णांची तब्येत ढासळत होती. विनायकचे दिवसाला चार फोन. "मॅडम, संडेपर्यंत हातात पाहिजे. प्लीज." मलाही तेच हवं होतं. त्या गडबडीत मी आमच्या ऑपरेटरला, मंजुनाथला, जाता जाता म्हणाले, "ते खालचे ठिपके घालवून टाका."

मंजुनाथ पन्नाशीचा, कामाला वाघ. मराठीचं एक अक्षर वाचता येत नाही त्याला. ठिपक्याचा र जिथे जिथे होता तिथे त्याने बिनठिपक्याचा र घातला. मी सांगितलं तेच केलं. ठिपका गेला तसा र उडी मारून डोक्यावर बसला. दहा मिनिटांत तो म्हणाला, "अक्का, डॉट एल्ला तेगेदे." सगळे ठिपके काढले.

मी शेवटचं प्रूफ घेतलं आणि ठिपके गेलेत की नाही तेवढं बघितलं. वाचलं नाही. प्रूफरीडर असून वाचलं नाही. सही केली आणि फाइल छपाईला सोडली.

विनायकने पहिली प्रत अण्णांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी ती सावकाश पाहिली म्हणे. हत्तीच्या चित्रावरून हात फिरवला. शेवटच्या पानावर आले आणि थांबले. आवाज गेल्यापासून ते पाटीवर लिहून बोलायचे. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'आचार्य कोण?'

विनायकला आधी कळेचना. कळलं तेव्हा तो शपथा घ्यायला लागला. मी नाही बदललं, अण्णा, प्रेसची चूक आहे. अण्णांनी पाटी पुसली, त्यावर 'सरी' लिहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. 'सरी' म्हणजे बरं, ठीक आहे. बेंगळुरूत हा शब्द दुकानात, रिक्षात दिवसातून पन्नास वेळा कानावर पडतो. समोरच्याशी पुढे बोलायचं नसलं की तेच म्हणतात.

हे सगळं केतकीने फोनवर सांगितलं. मी फोन ठेवला आणि मंजुनाथच्या शेजारी जाऊन बसले. अर्ध्या तासाचं ते काम आम्ही त्या दिवशी वीस मिनिटांत केलं. संध्याकाळपर्यंत एक प्रत डिजिटल मशीनवर काढून हाताने शिवून घेतली. आमचे मालक म्हणाले, "पूर्ण लॉट परत छापू. पण आधी तुम्ही जाऊन या." ते मला एका शब्दानेही रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. पिशवीत तीन गोष्टी होत्या: केतकीची मूळ फाइल छापून, चुकलेली प्रत आणि नवी प्रत. रस्ताभर मनात घोकत होते. अण्णा, हे बघा, सातव्या पानावर 'पायऱ्या'सुद्धा चुकल्यात. शिऱ्याचासुद्धा शिर्या झालाय. कुणी मुद्दाम बदललं असतं तर फक्त तुमचाच शब्द बदलला असता ना. मला हा पुरावा बिनतोड वाटत होता.

वाटेतच केतकीचा मेसेज आला. पहाटे अण्णांना हॉस्पिटलमध्ये हलवलं होतं.

मी पोहोचले तेव्हा ते गुंगीत होते. वेदनांसाठी इंजेक्शन चालू होतं. विनायक पलंगाच्या पायथ्याशी उभा होता, उशाशी नाही. पाटी टेबलावर होती, कोरी. मी अण्णांच्या कानाशी वाकले आणि घोकलेलं सगळं सांगितलं. पायऱ्या, शिरा, ठिपका, मंजुनाथ. मग नव्या प्रतीतलं शेवटचं पान वाचलं. 'आणि मी त्या आचाऱ्याची नात आहे.' दोनदा वाचलं. पुस्तक त्यांच्या हाताखाली ठेवलं. बोटं हलली नाहीत.

"त्यांना कळलं का?" विनायकने विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. "माहीत नाही," मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी अण्णा गेले. शुद्धीवर आलेच नाहीत.

दुरुस्त केलेला लॉट न्यायला विनायक स्वतः पीण्याला आला. डोक्याचे केस उतरवलेले. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्याने हातानेच थांबवलं.

"मॅडम, चूक तुमची होती, मला माहीत आहे. पण अण्णांना ती माझी वाटली. दुसऱ्या कुणाच्या बापाला वाटली नसती."

त्याने एक गठ्ठा सोडला, शेवटचं पान उघडून बघितलं आणि म्हणाला, "इराच्या शाळेत सगळ्या वर्गांना देणार आहे."

या कामातून मी शिकले ते एवढंच. ऑपरेटरला काय घालवायचं ते सांगू नये, काय हवं आहे ते लिहून द्यावं. आणि घाई कितीही असो, शेवटचं पान मोठ्याने वाचावं. तेवीस वर्षं हे मीच नव्या लोकांना शिकवत होते.

मंजुनाथला मी सगळं समजावून सांगितलं. त्याला अजून मराठी वाचता येत नाही. पण मराठी फाइलमध्ये तो आडवा र दिसला की तो काम थांबवतो आणि मला हाक मारतो, "अक्का, अण्णांचा र आला."

मी उठून बघायला जाते. दर वेळी तो बरोबरच असतो.