जुबेलच्या समुद्रात दिसलेला बर्फाचा डोंगर

इथले अनुभव मी आवडीने वाचतो, पण विश्वास म्हणाल तर शून्य. मी नाशिकचा, केमिकल इंजिनियर. घरात कोणी अंगारा आणला तरी हसणारा माणूस. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय...

१९९१. गल्फ वॉर. सौदीच्या पूर्व किनाऱ्यावर, जुबेलजवळ, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर मी होतो. बायको-मुलीला भारतात पाठवलं होतं. कुवेतकडून समुद्रात सांडलेलं तेल आमच्याकडे सरकत होतं. ते आमच्या पाइपात शिरलं असतं तर लोकांचं पिण्याचं पाणीच तुटलं असतं. म्हणून पाण्यावर तरंगते अडसर लावले होते, आणि ते तपासायला रोज बोटीने जायचो. सायरन, गॅस मास्क, तुकड्या-तुकड्यांची झोप... भीती वाटायलाही अंगात ताकद उरली नव्हती.

बोट चालवायचे इब्राहिमभाई. रत्नागिरीकडचे, आधी बरीच वर्षं मालवाहू जहाजांवर काढलेली. कमी बोलायचे.

त्या दिवशी कुवेतच्या पेटलेल्या तेलविहिरींच्या धुराने भर दुपारी अंधारून आलं होतं. बोटीवर काजळी, तोंडात काजळी. मी अडसराची दोरी ओढत होतो आणि एकदम वारा फिरला. गार... हाडं गोठवणारा. धूर फाटला आणि समोर डोंगर!

त्या भागात साधी टेकडी नाही. आणि हा सरळ पाण्यातून वर आलेला. पायथ्याशी काळपट हिरवं, ओलं रान, सगळी झाडं एकाच बाजूला वाकलेली. त्याच्या थोडंच वर बर्फ. बर्फाची एक जीभ पार समुद्रापर्यंत उतरलेली. माथा ढगात.

वाटलं, झोप नाही म्हणून भास होतोय. तेवढ्यात मागून आवाज आला, "साहेब, तुम्हाला पण दिसतोय?"

"हे काय आहे, इब्राहिमभाई?"

"चिलीच्या खालच्या टोकाचा डोंगर. फार उंच नाही, पण वारा सारखा समुद्रावरून येऊन त्याच्यावर आदळतो. बारा महिने पाऊस, वर बर्फ. तिथे उन्हाळा म्हणून नसतोच." मग हळूच म्हणाले, "माझा धाकटा भाऊ रशीद तिथेच डेकवरून समुद्रात पडून गेला. माझ्याच जहाजावर होता. मिळाला नाही. आई अजून त्याचं ताट वाढते."

त्यांनी बोट तिकडे वळवली. पुढे पाण्यात सुरुंग असल्याची वॉर्निंग होती. मी ओरडायला हवं होतं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "चला."

पाऊस सुरू झाला, आडवा, गारांसारखा टोचणारा. बर्फ कडाडून तुटल्याचा आवाज मी या कानांनी ऐकला. इब्राहिमभाई उभे राहून हाका मारत होते, "रशीद! अरे रशीद!" आम्ही पुढे जात होतो, डोंगर मात्र तेवढाच लांब.

शेवटी त्यांनीच इंजिन बंद केलं. मग डोळे पुसून म्हणाले, "खलास, साहेब. तुमची माणसं वाट बघतायत." आणि बोट फिरवली. मी मागे वळून पाहिलं तेव्हा नुसता धूर होता.

मृगजळ म्हणाल, तर ते क्षितिजापलीकडचं थोडंफार दाखवतं, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाचं नाही. पाऊस जुबेललाही त्या दिवसांत पडायचा, पण काजळीमुळे काळा. आमची बोट मात्र एका बाजूने स्वच्छ धुतलेली होती. धक्क्यावरचा फिलिपिनो सुपरवायझर हात फिरवून विचारत राहिला, कुठे धुतली म्हणून.

नंतर एकदा फोनची लाइन लागली तेव्हा मी बूथबाहेर माझ्या नंबरची वाट बघत उभा होतो. आत इब्राहिमभाई घरी बोलत होते, अगदी हळू...

"आई, आता त्याचं ताट नको वाढूस. मी जाऊन आलो."