निळ्या रंगाखाली

वत्सलाआत्या गेल्याचा फोन आला, तेव्हा मी चंद्रपूरला ऑफिसात कुणाच्या तरी विनोदावर हसत होते... तोंडावर हात धरून. ही माझी सवय तिला कधी सहन झाली नाही.

मला वाढवलं तिनंच. तिच्या तरुणपणी गावच्या विहिरीवर आमच्या बौद्ध मोहल्ल्याला मज्जाव होता. बायांना घेऊन पंचायतीच्या दारात ठाण मांडून तिनं हातपंप मिळवला. खोल बोअरचं थंडगार पाणी. धानाच्या रोवणीच्या दिवसांत ती तांब्यावर तांबे रिचवायची आणि मलाही पाजायची. "पी पोरी, आपल्या हक्काचं पानी हाय."

मी पहिलीत असताना पाणी तपासणारे आले आणि पंपाला लाल रंग फासून गेले. म्हणाले, पाण्यात फ्लोराइड आहे. थोडं असतं तर दातांना चांगलंच, पण इथं फार आहे, वर्षानुवर्षं पोटात गेलं तर हाडांत साचेल. भांडी घासा, पिऊ नका. मग प्यायचं कुठलं? तर त्याच उथळ विहिरीचं! आता तिथं कुणी अडवत नव्हतं, पण आत्या भडकली. "आमचंच पानी काऊन वाईट? त्या विहिरीवर मी नाई जात." जयंती तोंडावर आली होती. तिनं स्वतः ब्रश घेऊन पंप निळा केला. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि तेच पाणी पीत राहिलो.

पुढे माझे पक्के दात आले ते डागाळलेलेच. आत्याची पाठ लाकडासारखी ताठ झाली, विहारात वाकून वंदनही होईना. पाठीबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. माझ्या लग्नाचा फोटो मात्र तिनं भिंतीवर लावू दिला नाही, कारण त्यात मी ओठ घट्ट मिटून उभी होते. "माह्याच हातानं पाजलं तुले," म्हणाली आणि मान खाली घालायला गेली, तर मानही वाकेना...

विहीर अडवणाऱ्यांना लाज वाटल्याचं मी ऐकलं नाही. ती लाज आत्यानं एकटीनं वाहिली, आणि तिच्यासमोर तोंड झाकून हसत मी त्यात भरच घातली. आज माझी मलाच शरम वाटते.

आत्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला गावी गेले. आता घरोघरी नळ आहेत. पंपाच्या निळ्या रंगाचे पोपडे निघालेत, खाली लाल दिसतो. आत्याची मैत्रीण सखूबाई शेजारचा निंब दाखवत म्हणाली, "तुही आत्या रोज इथीच टेकून उभी राहे. लेकरू पंपाजवळ आलं का हाकले. मंग म्हने, हासून दाखव, दात पाहू दे. पांढरे दिसले का बहुत खुश होये."

मी त्या निंबाला टेकले. सखूबाई माझ्याकडे पाहून हसली. मीही हसले. हात तोंडाकडे निघाला होता, तो खाली घेतला.